सेव्हर्स फाटला, लोझान टिकला

पहिल्या महायुद्धात हरलेल्यांशी विजेत्यांनी पॅरिसच्या आसपास पाच तह केले. जर्मनीशी व्हर्साय, ऑस्ट्रियाशी सेंट जर्मेन, बल्गेरियाशी न्यूयी, हंगेरीशी त्रियानों आणि ऑटोमन तुर्कस्तानशी सेव्हर्स. यातला सेव्हर्सचा तह हरलेल्यांनीच लढून मोडला आणि विजेत्यांना पुन्हा वाटाघाटींना बसवले. त्याच्या जागी १९२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात जो तह झाला, तो आजही लागू आहे. सहा शतकांच्या साम्राज्याचे त्यातून एक राष्ट्र झाले. ते ज्या रीतीने झाले, त्यावर माझे आणि मामांचे कधीच एकमत झालेले नाही.

मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झाले, बेळगावात राहतात. पलटणीचा इतिहास त्यांना तोंडपाठ आहे. मी कायदा शिकवते, अल्पसंख्याकांचे हक्क हा माझा विषय. सुट्टीत त्यांच्याकडे गेले की हा वाद हटकून निघतो. त्यातले मला मोलाचे वाटले ते इथे मांडते आहे. मामांची बाजू त्यांच्याच जोरात यावी अशी काळजी घेतली आहे, कारण ती हलकी नाही.

मामा: तू नेहमी लोझानपासून सुरू करतेस. आधी सेव्हर्स बघ, म्हणजे लोझानची किंमत कळेल. १० ऑगस्ट १९२०. पॅरिसजवळचा चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना, त्याच्या दालनात सह्या. एकंदर ४३३ कलमे. अरब मुलूख गेला त्याचे सोड, तो लढाईतच गेला होता. पण खुद्द अनातोलियाचे काय केले? इझमीर आणि भोवतालचा प्रदेश ग्रीसच्या कारभाराखाली, आणि पाच वर्षांनी तिथल्या विधिमंडळाने मागणी केली की ग्रीसमध्ये सामील व्हायची वाट मोकळी. पूर्व थ्रेस ग्रीसला, म्हणजे सरहद्द इस्तंबूलच्या वेशीशी. पूर्वेला आर्मेनिया, त्याची सीमा आखणार अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन. सामुद्रधुन्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे. फौज जेमतेम पन्नास हजार.

मी: कुर्दांसाठीही तीन कलमे होती, ६२ ते ६४. आधी स्थानिक स्वायत्तता. मग वर्षभरात त्यांनी राष्ट्रसंघाकडे मागणी केली आणि संघाला ते लायक वाटले, तर स्वातंत्र्य.

मामा: होती. पण सगळ्यात जाचक कलमे पैशाची होती आणि ती कुणी वाचत नाही. ऑटोमन सरकारने परकीय कर्ज काढायला सुरुवात केली १८५४ मध्ये, क्रिमियाच्या युद्धात. १८७५ मध्ये दिवाळे. १८८१ पासून युरोपातल्या सावकारांचे ‘सार्वजनिक कर्ज प्रशासन’ इस्तंबुलात ठाण मांडून बसले. मीठ, तंबाखू, मुद्रांक, दारू, मासळी, रेशीम, यांचे उत्पन्न परस्पर तिकडे. सुलतानाच्या राज्यात मिठाचा कर सुलतानाच्या तिजोरीत जात नव्हता, कळले का? त्यात परकीयांच्या सवलती. युरोपीय माणसाला तिथला कायदा नीट लागू होत नसे, त्याचा न्याय त्याच्या वकिलातीत. जकात वाढवायची तर युरोपातल्या सरकारांची संमती. टपाल कचेऱ्यासुद्धा परक्यांच्या! १९१४ मध्ये युद्धाची संधी साधून तुर्कांनी या सवलती रद्द केल्या. सेव्हर्सने त्या परत आणल्या, आणि डोक्यावर ब्रिटन, फ्रान्स, इटलीचा वित्त आयोग बसवला. अंदाजपत्रक आधी या आयोगापुढे ठेवायचे. याला तू राज्य म्हणशील?

मी: नाही म्हणणार. सेव्हर्स अन्यायाचा होता, यावर आपला वादच नाही. सह्या करणाऱ्यांपैकी रिझा तेव्फिक हा कवी आणि तत्त्वज्ञ. त्याला पुढे दीडशे नकोशा माणसांच्या यादीत घालून देशाबाहेर ठेवले. १९३८ मध्ये माफी झाली, तो परतला १९४३ मध्ये. पण तह अन्यायाचा होता, म्हणून तो मोडून जे आले ते आपोआप न्यायाचे ठरत नाही.

मामा: आपोआप नाहीच. त्यासाठी लढावे लागले. मे १९१९ मध्ये ग्रीक फौज इझमीरला उतरली आणि चारच दिवसांनी मुस्तफा केमाल सामसूनच्या बंदरात. पुढच्या एप्रिलात अंकाऱ्यात नवे विधिमंडळ. १९२१ मध्ये साकार्या नदीवर ग्रीकांना अडवले, ऑगस्ट १९२२ मध्ये प्रतिहल्ला, ९ सप्टेंबरला तुर्की घोडदळ इझमीरमध्ये.

मी: ९ सप्टेंबरला थांबू नका. १३ तारखेला शहर पेटले. ग्रीक आणि आर्मेनियन वस्त्या जळाल्या. मागे आग आणि पुढे समुद्र, अशा अवस्थेत लाखो माणसे धक्क्यावर अडकली आणि समोर बंदरात दोस्तांची लढाऊ जहाजे उभी होती. लोझानच्या टेबलावर जे लिहिले गेले, त्यातले निम्मे त्या धक्क्यावर आधीच घडून गेले होते.

मामांनी हे नाकारले नाही. सैनिक असल्यामुळे शहर जिंकल्यावर काय होते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण त्यांनी बोलणे मोसुलकडे वळवले, आणि तिथे आमच्या बोलण्यात आपली माणसे आली.

मामा: तुला वाटते हा परक्यांचा तह. इराकात तुर्कांशी लढलेली जनरल टाउनशेंडची सहावी डिव्हिजन कुठली? पुण्याची. नावातच पूना. तिच्यात आमच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७ मराठा. बसऱ्यापासून बगदादच्या दारापर्यंत गेल्या आणि मग कुतला वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. शेवटी शेवटी घोड्याच्या मांसावर दिवस काढले. शरण गेले ते सुमारे तेरा हजार, त्यातले बरेचसे हिंदी शिपाई. त्यांना वाळवंटातून चालवत नेले, कित्येक वाटेत आणि छावण्यांत मेले. साताऱ्या-कोकणातली पोरे ती. त्याच तुर्कांच्या तहाची बाजू मी तुझ्यापुढे मांडतो आहे, हे विसरू नकोस.

मी: तेच मला नेहमी नवल वाटते.

मामा: शत्रू नीट लढला तर शिपाई त्याचा मान ठेवतो. पुढे ऐक. ऑक्टोबर १९१८ च्या शेवटी मोसुलच्या दक्षिणेला शरकातची लढाई झाली. तिथे ११४ मराठाने फार मोठे काम केले. ३० ऑक्टोबरला तुर्की फौज शरण आली आणि त्याच दिवशी मुद्रोस बंदरात युद्धबंदीवर सही झाली. मोसुल शहर तेव्हा तुर्कांकडेच होते. ब्रिटिश त्यात शिरले युद्धबंदीनंतर. म्हणून लोझानला तुर्क म्हणाले, मोसुल आमचे. ब्रिटनचा कर्झन म्हणाला, इराकचे.

मी: आणि त्या भांडणातच कुर्दांचा निकाल लागला. तुर्कांचे प्रतिनिधी इस्मत पाशा म्हणाले, तुर्क आणि कुर्द वेगळे नाहीत, अंकाऱ्याचे सरकार दोघांचे आहे. कर्झन म्हणाला, कुर्द तुर्क नाहीत, त्यांना तुमच्याकडे यायचे नाही. दोघेही कुर्दांच्या नावाने बोलत होते आणि परिषदेत कुर्दांचा एकही प्रतिनिधी नव्हता. प्रश्न पुढे राष्ट्रसंघाकडे गेला, १९२५ च्या डिसेंबरात मोसुल इराकला मिळाले. १९२६ च्या करारात तुर्कस्तानला तिथल्या तेलाच्या स्वामित्वधनातला दहा टक्के वाटा, पंचवीस वर्षे. कुर्दांची अशी वाटणी झाली, आणि सेव्हर्समधल्या त्या तीन कलमांची लोझानमध्ये खूणही उरली नाही.

मामा: ती कलमे कागदावरच होती. त्यांच्यासाठी लढायला कोण तयार होते? सप्टेंबर १९२२ मध्ये सामुद्रधुनीकाठच्या चनकला तुर्क आणि ब्रिटिश समोरासमोर आले, तर विलायतेत युद्धाला कुणी राजी नव्हते. महिन्याभरात लॉइड जॉर्ज पंतप्रधानपदावरून गेला. ज्याच्या मागे फौज नाही ते कलम म्हणजे नुसती शाई.

इथे तुर्की सुलतानाचे खलिफापद राखण्यासाठी झालेल्या खिलाफत चळवळीविषयी थोडे सांगायला हवे, कारण सेव्हर्सचे पडसाद मुंबईत फार मोठे उमटले. केंद्रीय खिलाफत समितीचे ठाणे मुंबई, भायखळ्याचे खिलाफत हाउस आजही उभे आहे. असहकाराला औपचारिक सुरुवात झाली १ ऑगस्ट १९२० रोजी, त्याच पहाटे मुंबईत लोकमान्य गेले, आणि दहाव्या दिवशी सेव्हर्सवर सह्या झाल्या. हिंदुस्थानातला असंतोष इतका वाढला, की व्हाइसरॉय रीडिंग यांनी सेव्हर्स बदला अशी तार लंडनला केली. भारतमंत्री माँटेग्यू यांनी ती छापू दिली आणि मार्च १९२२ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. मामांच्या मते लोझानला ब्रिटिश नमले त्यात या दबावाचाही वाटा आहे. मला ते मान्य आहे. मात्र ज्या खलिफासाठी इथे लोक तुरुंगात गेले, ते पदच अंकाऱ्याने ३ मार्च १९२४ रोजी रद्द केले. शेवटचा खलिफा अब्दुल मजीद फ्रान्समध्ये परागंदा झाला. १९३१ मध्ये त्याची मुलगी निजामाची सून झाली, म्हणजे तेव्हाच्या मराठवाड्याच्या राजघराण्यात आली.

मामा: लोझानला बसले कोण, तर आपल्या ओळखीचा माणूस. वंगभंगवाला कर्झन. त्याच्यासमोर इस्मत पाशा, अंकाऱ्याचा सेनापती. कानाने अधू. कर्झनने लांबलचक भाषण करावे, इस्मतने शांतपणे बसावे आणि शेवटी पुन्हा तेच म्हणावे: आमचे सार्वभौमत्व. ४ फेब्रुवारी १९२३ ला परिषद मोडली, कर्झन गाडीत बसून निघून गेला. एप्रिलात पुन्हा सुरू झाली, २४ जुलैला सह्या. आता १४३ कलमे. परकीयांच्या सवलती कलम २८ ने समूळ रद्द. वित्त आयोग नाही, फौजेवर मर्यादा नाही, युद्धदंड नाही. इझमीर आणि पूर्व थ्रेस परत. जुने कर्ज साम्राज्यातून फुटलेल्या सगळ्या देशांत वाटून दिले. तुर्कांनी आपल्या वाट्याचा शेवटचा हप्ता १९५४ मध्ये फेडला. पहिले कर्ज काढल्यापासून शंभर वर्षांनी! हरलेल्या देशाने याहून जास्त काय मिळवायचे?

मी: तहाच्या सहा महिने आधी, ३० जानेवारीला, तिथेच आणखी एक करार झाला. तुर्कस्तान आणि ग्रीस यांनी माणसांची अदलाबदल करायची. सक्तीने. कसोटी एकच, धर्म. तुर्कस्तानातले ग्रीक ऑर्थोडॉक्स ग्रीसला, ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानला. सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स, त्यातले बहुतेक आधीच जीव घेऊन पळालेले, आणि साडेतीन ते चार लाख मुसलमान. भाषा कुणी विचारली नाही. कप्पादोकियात कारामानली लोक होते, पिढ्यान्‌पिढ्या घरात तुर्की बोलणारे. तुर्कीच, पण ग्रीक लिपीत लिहिणारे. त्यांना ज्या देशाची भाषा येत नव्हती तिथे पाठवले. उलट क्रीटचे मुसलमान ग्रीक बोलत. ते आयवालिकला येऊन राहिले आणि त्यांच्या घरांत म्हातारीकोतारी कित्येक दशके ग्रीकच बोलत होती. ग्रीसमध्ये आलेल्यांना तिथले लोक तुर्काचे बी म्हणून हिणवत, तुर्कस्तानात आलेल्यांना अर्धे काफर.

मामा: ते राहिले असते तर पुन्हा कत्तली झाल्या असत्या. १९१२ पासून दहा वर्षे तेच चालले होते. बाल्कन युद्धांत मुसलमान मारले, हाकलले, त्यांचे कुणी नाव घेत नाही. निर्वासितांसाठी आयुष्य वेचलेल्या नान्सेनसारख्या माणसाने या अदलाबदलीची शिफारस केली, ती काय दुष्टपणाने?

मी: नाही, भीतीने. आणि भीती खरी होती. पण खुद्द कर्झनने परिषदेत या तोडग्याला वाईट म्हटले, जग याची किंमत शंभर वर्षे मोजेल असे बजावले, आणि तरी तो होऊ दिला. आता जाणाऱ्या माणसाच्या हाती काय होते ते जवळून बघा. जंगम मालमत्ता न्यायची मुभा होती. घर, शेत, झाडे मागे. मिश्र आयोग त्यांची किंमत ठरवणार, तसा दाखला देणार आणि नव्या देशात तेवढ्याच मोलाची, त्याच प्रकारची जमीन मिळणार, असे करारात लिहिलेले. लोकांनी मालमत्तेचे अर्ज भरले. प्रत्यक्षात तंबाखू पिकवणाऱ्याच्या वाट्याला दुसरेच पीक, डोंगरातल्याला किनारा. आणि १९३० मध्ये दोन्ही सरकारांनी एकमेकांचे दावे वजा करून टाकले. अर्जांची रद्दी झाली.

मामा: त्याच १९३० च्या कराराने दोन देशांत मैत्री झाली. ग्रीसच्या ज्या व्हेनिझेलोसने इझमीरला फौज पाठवली, त्यानेच १९३४ मध्ये केमालचे नाव शांततेच्या नोबेलसाठी सुचवले. व्हर्सायचे सोळा वर्षांत वाटोळे झाले, त्रियानोंने हंगेरीला हिटलरच्या दारात नेले. लोझानच्या दोन देशांत त्यानंतर युद्ध नाही. सायप्रसवरून तलवारी परजल्या तेव्हाही नाही. तुला माणसे दिसतात, मलाही दिसतात. पण न मेलेली माणसे कुठल्या अर्जात दिसत नाहीत. ती मोजायला शिक.

हा मामांचा सगळ्यात बळकट मुद्दा आहे, आणि त्याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. तेवढ्यात त्यांनी बाबासाहेबांचे नाव काढले.

मामा: आंबेडकरांनी १९४० मध्ये पाकिस्तानवरच्या पुस्तकात याच तुर्कस्तान, ग्रीस, बल्गेरियाचा दाखला दिला. म्हणाले, लोकसंख्येची अदलाबदल अशक्य म्हणून हसणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. आपल्याकडे १९४७ मध्ये काहीच योजना नव्हती, नुसती रेषा होती. आयोग नाही, दाखले नाहीत, काही नाही. मग काय झाले?

मी: ते पान मीही वाचले आहे मामा. बाबासाहेब तिथे दोन नमुने वेगळे करतात. ग्रीस आणि बल्गेरियाची अदलाबदल १९१९ च्या कराराने ऐच्छिक होती, ग्रीस आणि तुर्कस्तानची सक्तीची. सक्तीची अदलाबदल सकृद्दर्शनी चूक वाटते, ज्याला वडिलार्जित जागा सोडायची नाही त्याला ती सोडायला लावणे बरोबर नाही, असे ते म्हणतात. अपवाद ठेवतात तो राज्याची शांतताच धोक्यात येईल तेव्हाचा. लोझानने अपवादालाच नियम केले. १९३७ मध्ये पील आयोगाने पॅलेस्टाइनच्या फाळणीसाठी हाच दाखला काढला. एकदा जमले म्हणून ते औषध जगभर लिहून दिले जाऊ लागले.

मामा: इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान तर वगळले होते ना? म्हणजे सरसकट नव्हते.

मी: वगळले होते. लाखाच्या वर माणसे इस्तंबुलात राहिली, तहाने संरक्षण दिलेली. १९४२ मध्ये संपत्ती कर आला, त्यात बिगर-मुस्लिमांवर कितीतरी पट आकारणी. ६ सप्टेंबर १९५५ च्या रात्री त्यांची दुकाने आणि चर्च फोडली. १९६४ मध्ये ग्रीक नागरिकत्व असलेल्यांना हाकलले, त्यांच्यासोबत घरची माणसे गेली. आज तिथे काही हजार उरले. आर्मेनियनांचे तर तहात नावही नाही. त्यांचे शिष्टमंडळ लोझानला आले होते, त्याला परिषदेत जागा मिळाली नाही. उलट तहासोबत माफीची घोषणा झाली, १ ऑगस्ट १९१४ ते २० नोव्हेंबर १९२२ या काळातल्या राजकीय आणि लष्करी गुन्ह्यांना. आर्मेनियनांच्या कत्तलींचे १९१५ साल त्या तारखांच्या आतच येते.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी विचारले ते वादासाठी नव्हते, माहितीसाठी होते.

मामा: कुर्दांना तहात अगदी काहीच नाही?

मी: कुर्द म्हणून नाही. अल्पसंख्याकांची कलमे ३७ ते ४५, ती मुख्यतः बिगर-मुस्लिमांसाठी, आणि कुर्द मुसलमान. पण कलम ३९ मध्ये एक वाक्य आहे, ते कोणत्याही तुर्की नागरिकाला लागू आहे. खासगी व्यवहारात, व्यापारात, धर्मात, छापखान्यात, जाहीर सभेत कुठलीही भाषा वापरायला बंधन घालता येणार नाही. आणि कलम ३७ म्हणते, या तरतुदी मूलभूत कायदा आहेत, दुसरा कुठलाही कायदा यांच्या वर नाही. तरी १९८३ मध्ये कायदा झाला, की तुर्कस्तानने मान्यता दिलेल्या राष्ट्रांची जी पहिली राजभाषा नाही, त्या भाषेत विचार मांडायला, छापायला बंदी. कुर्दीचे नाव न घेता कुर्दी बंद. तो रद्द झाला १९९१ मध्ये.

मामा: मग खोट तहात नाही, पाळणाऱ्यांत आहे. कुणी दाद मागितली नाही?

मी: कुठे मागणार? कलम ४४ ने हमी दिली राष्ट्रसंघाची, ती बिगर-मुस्लिमांपुरती. आणि राष्ट्रसंघच १९४६ मध्ये विसर्जित झाला.

मामा: इस्मतने याहून जास्त दिले असते तर अंकाऱ्याने तह फेटाळला असता. परक्यांनी अल्पसंख्याकांच्या नावाने शंभर वर्षे ढवळाढवळ केली होती. मीठ, टपाल, न्यायालय, सगळे त्याच दारातून गेले होते.

मी: हे मला कळते. म्हणूनच इस्मतला मी दोष देत नाही. तहाला देते.

मामा: मग काय करायचे, फाडायचा? तिकडे तर अफवा होती म्हणे, की १०० वर्षांनी तहाची मुदत संपते, २०२३ मध्ये तेल काढायची बंदी उठते.

मी: मुदतीचे कलम त्यात नाहीच. आणि फाडा असे मी म्हणत नाही. तुर्कस्तानातले कायद्याचे अभ्यासक कुर्दी भाषेसाठी याच कलम ३९ वर बोट ठेवतात. ते म्हणतात, पूर्ण पाळा.

मामा: मग तो मजकूर मला पाठव. कलम ३९, अख्खे. मला वाचायचे आहे.